गोवराचे डाग मेंदूत उशिरा दिसतात

एमआरआयच्या खोलीत आम्ही तंत्रज्ञ मंडळी एक शिस्त पाळतो. पडद्यावर काहीही दिसो, चेहऱ्यावर ते दिसू द्यायचं नाही. बाहेर बसलेले नातेवाईक आमच्या तोंडाकडेच बघत असतात. दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, काही निघालं का?" उत्तरही ठरलेलं, "रिपोर्ट डॉक्टर देतील काका, संध्याकाळपर्यंत मिळेल." ते खरंच आहे. रिपोर्ट लिहिणं हे रेडिओलॉजिस्टचं काम, चित्र नीट काढणं हे माझं. पण लातूरच्या एका स्कॅन सेंटरवर इतकी वर्षं काम केल्यावर काही चित्रं आपोआप ओळखू येतात. त्यातल्या काहींपुढे ती शिस्त पाळणं फार जड जातं.

मी म्हणतेय ती चित्रं अपघाताची नाहीत, कॅन्सरचीही नाहीत. ज्या आजारांची लस गावच्या उपकेंद्रात फुकट मिळते, त्या आजारांची आहेत.

मागच्या पावसाळ्यात बीडच्या डोंगरपट्ट्यातला एक मुलगा आला होता. तिसरी-चौथीतला असेल. आईनं सांगितलं, "लिहिता लिहिता पेन पडायलंय हातातून. मास्तर म्हणले ध्यान नाही, अक्षर बिघडलं. मग उभ्या उभ्या पडायला लागलं लेकरू." मधल्या काळात देवाला नवस बोलून झाला होता, एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि शेवटी अंबाजोगाईहून एमआरआयची चिठ्ठी घेऊन ते आमच्याकडे पोचले होते. डोक्याभोवती कॉइल, म्हणजे चित्र टिपणारा पिंजरा, बसवताना मी त्याच्याकडे बघत होते. मान आणि खांदे एकदम खाली झुकायचे, मग काही सेकंद सगळं शांत, मग पुन्हा तसाच झटका. दोन झटक्यांमधलं अंतर जवळजवळ सारखंच होतं. साध्या फिटमध्ये असा ठेका नसतो.

हलणाऱ्या पेशंटचा एमआरआय धूसर येतो, म्हणून भूलतज्ज्ञांना बोलावलं. झोपेचं औषध लागू झालं आणि झटके थांबले. या आजारात ते झोपेत थांबतात. मग फ्लेअर नावाचा सिक्वेन्स लावला. त्यात मेंदूतल्या पाण्याचा उजेड मुद्दाम दाबून टाकलेला असतो, म्हणजे पाणी काळं दिसतं आणि आजारी भाग पांढरा उठून येतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात, दोन्हीकडे डाग होते. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. फाइलमध्ये ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा, कागदही होता. त्यावर ठरावीक अंतरानं एकेक मोठी लाट उठलेली होती, तिचा ठेका त्या झटक्यांचाच.

स्कॅनच्या आधी आम्ही एक फॉर्म भरून घेतो. अंगात कुठं धातू आहे का, ऑपरेशन झालंय का, वगैरे. त्यात नसलेला प्रश्न मी त्या माउलीला विचारला. लहानपणी गोवर निघाला होता का?

"निघाला व्हता ना. सांगलीकडं कारखान्यावर होतो तवा. वर्षाचं बी नव्हतं. आंगभर आला, आठ दिवसात गेला. तवापासून ठणठणीत होतं बघा."

या आजाराचं नाव सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. डॉक्टर मंडळी एसएसपीई म्हणतात. गोवराचा विषाणू अंगावरून गेला असं वाटतं, पण क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत तो बदललेल्या रूपात राहून जातो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत हळूहळू सरकत राहतो. सहा, आठ, दहा वर्षं घरच्यांना काही कळत नाही. मग अभ्यास मागे पडतो, स्वभाव चिडका होतो, झटके येतात, चालणं जातं, बोलणं जातं. डॉसन नावाच्या डॉक्टरनं १९३३ मध्ये या मेंदूविकाराचं वर्णन केलं होतं. त्यामागे गोवर आहे हे पक्कं व्हायला १९६० च्या दशकाचा शेवट उजाडला. मणक्यातल्या पाण्यात गोवराच्या अँटिबॉडी खूप वाढलेल्या सापडल्या की निदान पक्कं होतं. आयसोप्रिनोसिन, इंटरफेरॉन अशी औषधं देतात, काहींमध्ये आजाराचा वेग थोडा मंदावतो. बरं करणारं औषध आजही नाही.

हे किती मुलांना होतं? कॅलिफोर्नियात १९९८ ते २०१५ या काळातल्या रुग्णांवरून हिशेब मांडला गेला. पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत साधारण १,३६७ मध्ये एक, आणि पहिल्या वर्षाच्या आत झाला असेल तर ६०९ मध्ये एक. ज्या आजाराला आपण "सगळ्यांनाच येतो, येऊन जातो" म्हणतो त्याचा हा आकडा आहे. न्यूमोनिया, जुलाब, डोळ्याचं बुबुळ पांढरं पडून येणारं आंधळेपण हे वेगळं. आणि साधारण हजारात एकाला गोवराच्या दिवसांतच मेंदूला सूज येते, ते आणखी वेगळं.

लशीमुळेच एसएसपीई होतो, असा एक फॉरवर्ड मोबाइलवर फिरतो. मला स्वतःला तो तीनदा-चारदा आला. अशा रुग्णांच्या मेंदूतला विषाणू तपासला गेला आहे. तो आजाराच्या साथीतला असतो, लशीतला नसतो. जिथं जिथं लसीकरण वाढलं तिथं एसएसपीई घटला. कृपा करून तो मेसेज पुढं ढकलू नका.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो वर्षांचा हिशेब. गोवराची लस अमेरिकेत १९६३ मध्ये आली. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये निघाला १ ऑक्टोबर १९७१ ला. एकेका छेदाला मिनिटं लागायची आणि चित्र होतं ८० बाय ८० ठिपक्यांचं. सीटी बनवणाऱ्या हाउन्सफील्डला त्यासाठी १९७९ चं नोबेल मिळालं. एमआरआयवर माणसाच्या शरीराचं पहिलं चित्र १९७७ चं. टीबीवरची बीसीजी लस तर त्याहून कितीतरी जुनी, १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा दिलेली, म्हणजे सीटीच्या आधी पन्नास वर्षं. कोट्यवधी रुपयांचं, द्रवरूप हेलियमवर चालणारं यंत्र मी रोज चालवते, आणि त्यावर मला जे नुकसान दिसतं ते टाळायचा उपाय या यंत्राच्या जन्माआधीच तयार होता. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून आहे. मग हे मूल सुटलं कसं?

आमच्या भागात याचं उत्तर कॅलेंडरवर आहे. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून आलेल्या अँटिबॉडी लशीच्या आड येतात, म्हणून वाट बघावी लागते. आता बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतली ऊसतोडीची बिऱ्हाडं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. जानेवारी ते जून या सहा महिन्यांत जन्मलेल्या लेकराचे नऊ महिने भरतात ऑक्टोबर ते मार्चमध्ये. म्हणजे अर्ध्या लेकरांची लशीची तारीख येते तेव्हा ती कोपीवर, म्हणजे कारखान्याजवळच्या तळावरच्या झोपडीत, असतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातलं बेळगाव, जिथं मुकादमानं टोळी नेली असेल तिथं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. पहाटे फडात, रात्री कधी गाडी भरायला. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, खाडा परवडत नाही. आजारी मूलसुद्धा फडाच्या बांधावर झोळीत असतं. तिथल्या आशाताईंच्या यादीत या लेकराचं नाव नाही, आणि गावच्या यादीत नाव आहे पण लेकरू नाही.

त्यात कोप्या एकमेकींना लागून. गोवराइतका झपाट्यानं पसरणारा आजार दुसरा क्वचितच. लस न घेतलेल्या लोकांत एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होते असं मानतात. एका कोपीत शिरला तर तळावरची लस न झालेली सगळी पोरं सापडतात, आणि तीही अगदी कोवळ्या वयात, जिथं तो ६०९ चा आकडा लागू होतो.

त्या आईबापांना निष्काळजी म्हणणारे लोक माझ्या आसपास आहेत. सेंटरच्या वेटिंग हॉलमध्येही मी ऐकलंय. मला ते सहन होत नाही. ज्यांच्या हातात महिन्यातल्या लशीच्या एका मंगळवारचा दिवससुद्धा नाही, त्यांना तारीख चुकली म्हणून बोल लावायचा? तारीख त्यांच्यापर्यंत पोचायला हवी होती.

यंत्राला मी कमी लेखत नाही. वेळेवर चित्र निघालं आणि लेकरू वाचलं, हेही माझ्या डोळ्यांसमोर घडतं.

क्षयाचा मेंदुज्वर घ्या. दोन-तीन आठवडे ताप, डोकं दुखणं, उलट्या, मूल मलूल, मग डोळा तिरळा होतो, शुद्ध हरपते. बीसीजी मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीला तितकीशी आवरत नाही हे खरं, पण लहान मुलांतला हा मेंदुज्वर आणि सगळ्या अंगात पसरणारा टीबी यांच्यापासून ती चांगलं संरक्षण देते. म्हणून ती जन्मतःच टोचतात. तरी हा आजार येतो. अशा मुलाच्या शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे चित्रात उजळ दिसणारं औषध, दिलं की मेंदूच्या तळाशी, जिथून मोठ्या रक्तवाहिन्या वर जातात तिथं, दाट स्राव उजळून निघतो. तो स्राव पाण्याची वाट अडवतो, आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्या फुगतात. हे वेळेत दिसलं तर मेंदूशल्यविशारद शंट टाकतात, पोकळीतलं पाणी नळीनं पोटात सोडतात. मूल डोळे उघडतं. त्याच स्रावात सापडलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या की मेंदूचा तुकडा रक्तावाचून मरतो. तो मरत असताना पेशींतल्या पाण्याच्या कणांची हालचाल अडकते, आणि डिफ्युजन सिक्वेन्समध्ये तो भाग चमकतो. साध्या सीटीत सुरुवातीच्या काही तासांत याचा पत्ता लागत नाही. डिफ्युजनला दीड-दोन मिनिटं पुरतात. तेवढ्या दोन मिनिटांसाठी रात्री अपरात्री घरून निघून यायला माझी कधी तक्रार नसते.

कानाचं तर फार कमी लोकांना ठाऊक असतं. न्यूमोकोकस आणि हिब या दोन जिवाणूंचा मेंदुज्वर बरा झाला तरी पुष्कळदा ऐकू येणं जातं. सूज आतल्या कानापर्यंत पोचते, आणि कॉक्लियाच्या वळणदार नळीत पाण्याच्या जागी आधी तंतू आणि मग चक्क हाड तयार होऊ लागतं. नळी हाडानं भरली की कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवायच्या यंत्राची, तार आत जाऊ शकत नाही. सीटीत दिसतं ते हाड झाल्यावर. पण एमआरआयचा एक बारीक, पातळ छेदांचा सिक्वेन्स आहे, त्यात निरोगी कॉक्लियातलं पाणी लख्ख पांढरं दिसतं आणि तंतू व्हायला लागले की तो पांढरेपणा तुटतो. म्हणजे हाड होण्याआधीच कळतं. तिथून पुढं आठवडे मोजायचे असतात, महिने नाही. म्हणून मेंदुज्वरातून उठलेल्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी घरी जायच्या आधी करून घ्या. ते हाकेला ओ देत नसेल तर "अशक्तपणा आहे, येईल ताळ्यावर" म्हणून बसू नका. हिबची लस पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीत, आहे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. न्यूमोकोकसची, म्हणजे पीसीव्ही, २०२१ मध्ये देशभर सरकारी कार्यक्रमात आली. सहा आणि चौदा आठवड्यांना, आणि बूस्टर पुन्हा त्याच नऊ महिन्यांना. ऊसतोडीत हुकते ती एकटी गोवराची सुई नसते.

रुबेलाबद्दल थोडंच सांगते. पोटुशी बाई पहिल्या तिमाहीत साध्या पुरळ-तापानं आजारी पडते, विसरून जाते, आणि बाळ जन्मतं ते डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात बंद न झालेली वाहिनी आणि बहिरेपण घेऊन. हा संबंध १९४१ मध्ये नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आला, मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं एकामागून एक समोर आली तेव्हा. आज कलर डॉपलरवर त्या वाहिनीतला रक्ताचा उलटा झोत रंगात दिसतो, छाती न उघडता ती बंदही करता येते. डोळ्याचं आणि कानाचं दुखणं मात्र जन्मभर पुरतं. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस दिली, तेव्हा कितीतरी पालकांनी त्या दिवशी मुलं शाळेत पाठवली नव्हती. कुणीतरी काहीतरी मोबाइलवर पाठवलं होतं म्हणून. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आता लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयाला येताहेत. तेव्हाची सुई त्यांच्या बाळांसाठी होती.

नवीन तंत्रात काय काय येतंय ते मी आवडीनं वाचते. हातात धरायचं एक्स-रे यंत्र आता आपल्याकडच्या गावांत आलंय. २०२४ च्या डिसेंबरात टीबीची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात छातीचे फोटो निघाले. संगणकानं एक्स-रे वाचायच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली, पण ती पंधरा वर्षांवरच्यांसाठी. लहान मुलाची छाती अजून माणसालाच वाचावी लागते. छातीत पू झालेल्या मुलाला सोनोग्राफीवर पुवातले पडदे सीटीपेक्षा चांगले दिसतात, आणि किरणांचा डोसही लागत नाही. अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळालेला एक चाकांवरचा एमआरआय आहे, ०.०६४ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), साध्या प्लगवर चालणारा. आमचा दीड टेस्लाचा आहे, म्हणजे वीस पटींहून जास्त ताकदीचा. त्या छोट्याचं चित्र धूसर असतं आणि संगणक ते साफ करतो. एसएसपीईचे सुरुवातीचे बारीक डाग त्यावर दिसतील असं मला वाटत नाही. पण फुगलेल्या पोकळ्या दिसतील. शंट लागणार की नाही एवढं कळायला तेवढं पुरे. असं यंत्र धारूर-केजसारख्या ठिकाणी आलं तर एका रात्रीचा प्रवास वाचेल, आणि क्षयाच्या मेंदुज्वरात ती एक रात्र फार मोठी असते.

एसएसपीईत मात्र यातलं काहीच हाताला लागत नाही. स्पेक्ट्रोस्कोपी आहे, त्यात मेंदूतल्या रसायनांचा आलेख निघतो आणि निरोगी चेतापेशींची खूण असलेल्या रसायनाचं टोक खाली आलेलं दिसतं. डिफ्युजन टेन्सर आहे, त्यात डाग उमटायच्या आधीच तंतूंची वीण विसविशीत झालेली मोजता येते. बघायला अद्भुत आहे. पण आधी कळून करायचं काय, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. त्या मुलाचे वडील रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ताई, मशीन अजून मोठी असती तर इलाज झाला असता का?" मी नाही म्हणाले. एवढंच मी बोलू शकत होते, आणि ते खरं होतं.

माझी धाकटी जाऊ वडवणी तालुक्यात आशा आहे. तिनं मला कामाची गोष्ट शिकवली. गणपती उठले की ती वस्त्यांवर फिरून यादी करते. कुठल्या घरात पाळणा आहे, नऊ महिने कधी भरतात, मुकादम कोण, टोळी कुठल्या कारखान्याला जाणार. ज्यांचे भरलेत त्यांना निघायच्या आधी सुई. ज्यांचे वाटेत भरणार त्यांच्या कार्डावर ती तारखेला गोल करते आणि आईच्या मोबाइलवर त्याच दिवसाचा गजर लावून देते. मुकादमाचा नंबर स्वतःकडे ठेवते आणि त्यालाच फोन करते, "दादा, अमक्याच्या लेकराची सुई आहे, जवळच्या दवाखान्यात नेऊन आणा." मुकादम ऐकतो, कारण ती त्याच्या घरची बाळंतपणंही बघते. हे तिला कुणी नेमून दिलेलं नाही.

यंदा सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जाते आहे. जाऊन सांगायच्या गोष्टी आम्ही लिहून काढल्यात, त्या इथंही देते. लस कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळते, गाव कुठलं हे आड येत नाही. सरकारनं यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या ऑनलाइन वहीत, नोंदी ठेवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातही आधीचे डोस बघता येतात. कार्ड हरवलं असलं तरी लेकरू घेऊन जायचं. सर्दी-पडसं असलं तरी सुई देता येते. गोवर-रुबेलाची पहिली सुई नऊ महिन्यांना चुकली तर पाच वर्षांपर्यंत देतात, म्हणून "आता काय उपयोग" म्हणायचं नाही. दुसरी सुई सोळा ते चोवीस महिन्यांत, ती चुकवायची नाही. तळावर कुणाच्या अंगावर पुरळ आणि ताप दिसला तर कडुलिंबाचा पाला दाराला बांधा हवं तर, पण दवाखान्यात कळवा. गोवरात व्हिटॅमिन ए चे दोन डोस, एक आज आणि एक उद्या, डोळेही वाचवतात आणि जीवही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी सांगली-कोल्हापूरकडचे असाल, कारखान्यात नोकरीला असाल, किंवा तिकडच्या उपकेंद्रात असाल, तर एवढं करा. टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात कोप्यांवर एक चक्कर मारा आणि वर्षाच्या आतली लेकरं किती आहेत ते विचारा. आमच्याकडून निघालेली यादी तुमच्यापर्यंत पोचवायची सोय आम्ही शोधतोय. जाऊच्या वहीत यंदाच्या दोन वस्त्या अजून बाकी आहेत, त्या येत्या रविवारी करतोय.